गुलबर्ग्याचे संन्यासी खासदार : स्वामी रामानंद तीर्थ आणि अपुरी राहिलेली मुक्ती

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, हैदराबाद राज्यातील गुलबर्गा मतदारसंघाने लोकसभेत एका संन्याशाला पाठवले. या संन्याशाचा मठ नव्हता, गादी नव्हती आणि नावावर जमिनीचा तुकडाही नव्हता. तारुण्यात त्यांनी गिरणी कामगारांच्या नेत्याचा चिटणीस म्हणून काम केले होते. पुढे शाळामास्तरकी केली आणि त्यानंतरच्या दशकातील बरीच वर्षे निजामाच्या तुरुंगांत काढली. स्वामी रामानंद तीर्थ हे नाव मराठवाड्यात आजही आदराने घेतले जाते. नांदेडच्या विद्यापीठाला आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला ते दिलेले आहे. मात्र ज्या गुलबर्ग्याने त्यांना संसदेत पाठवले, ते गाव पुढे त्यांच्याच आग्रहामुळे दुसऱ्या राज्यात गेले. राजा गेला, तरी जमीन कसणाऱ्याची व्हायची आहे आणि राज्यकारभार लोकांच्या भाषेत यायचा आहे, तोवर मुक्ती अपुरीच, या धारणेवर ते अखेरपर्यंत ठाम राहिले. या धारणेची राजकीय किंमतही त्यांनी मोजली.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर-गुलबर्गा पट्ट्यातला. हा मुलूख कन्नड, पण येथल्या अनेक घरांत मराठी नांदत होती. पेशवाईच्या काळापासून स्थिरावलेली कुटुंबे, सोलापूरशी असलेला व्यापार आणि पंढरपूर, गाणगापूरच्या वाऱ्या यांमुळे दोन्ही भाषा एकमेकींच्या अंगणात वावरत. व्यंकटेशचे शिक्षण सोलापूर, अमळनेर, पुणे असे फिरतीवर झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा तो सतरा वर्षांचाही नव्हता. आजन्म अविवाहित राहून देशकार्य करण्याचा निश्चय त्याने त्याच सुमारास केला आणि तो पाळला. असहकाराच्या लाटेत सरकारी शिक्षण सोडून राष्ट्रीय शिक्षणाकडे वळलेल्या पिढीचा तो एक तरुण होता.

देशभक्तीच्या या वाटेला कामगार चळवळीचा फाटा फुटला तो ना. म. जोशी यांच्यामुळे. जोशी हे १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक आणि मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे प्रतिनिधी. त्यांचा चिटणीस म्हणून काम करताना खेडगीकरांनी मुंबईच्या चाळी पाहिल्या, कामाचे तास आणि मजुरी यांचे हिशेब पाहिले, दिल्लीत कायदा कसा घडतो आणि कसा अडवला जातो तेही पाहिले. स्वराज्य मिळाले की पोटाचा प्रश्न आपोआप सुटेल, ही भाबडी समजूत याच काळात त्यांच्या मनातून गेली असावी, असे त्यांचे पुढचे आयुष्य सांगते. प्रकृतीने दगा दिल्यामुळे मात्र हे काम त्यांना सोडावे लागले.

विसाव्या दशकाच्या अखेरीस ते हैदराबाद संस्थानात आले. उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालत होती. तेथे ते शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापकही. याच गावी त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकर यांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतलेला मनुष्य सहसा गाव सोडून जातो. स्वामीजींनी शाळा सोडली नाही. १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी विद्यालयात आले. निजामी राज्यात मातृभाषेतील शाळा हेच एक राजकारण होते. उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, कचेरीची भाषा उर्दू होती आणि खाजगी शाळा उघडायची तर सरकारच्या परवानगीवाचून पान हलत नसे. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांसारख्या शाळांतून केवळ गणित-भूगोल शिकवला गेला नाही; रयतेच्या मुलांना आपल्या भाषेत प्रश्न विचारण्याची सवय तेथे लागली.

हैदराबाद हे देशातील सर्वांत श्रीमंत संस्थान मानले जाई. १९४१ च्या शिरगणतीनुसार त्याची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या वर होती. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि गुलबर्गा, बिदर, रायचूर हे तीन कन्नड भागात मोडत. निजामाची गणना जगातील सर्वाधिक धनाढ्य व्यक्तींत होत होती. त्याच्या रयतेचे दारिद्र्य मात्र कोणत्याही नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकले नाही. राज्याच्या जमिनीपैकी सुमारे ३० टक्के जहागिरदारांकडे होती आणि सुमारे दहावा हिस्सा सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खाजगी मिळकत होता. जहागिरीत सारा, न्याय आणि पोलीस या तिन्ही सत्ता बहुधा एकाच वाड्यातून चालत. वेठबिगार हा रिवाज होता. देशमुखाच्या घरी लग्न असले की गावाने राबायचे, अधिकारी दौऱ्यावर आला की गावाने कोंबडी-बकरे पुरवायचे. महायुद्धाच्या काळात सक्तीची धान्य लेव्ही आली आणि छोट्या शेतकऱ्याच्या कणगीतले बियाणेही ओढले गेले.

हे शोषण एका धर्माने दुसऱ्यावर केलेले नव्हते, हे नीट पाहणाऱ्यांपैकी स्वामीजी एक होते. राजा मुसलमान आणि बहुसंख्य प्रजा हिंदू, एवढ्यावरून लढ्याला धर्मयुद्धाचा रंग देणे सोपे होते. परंतु गदवाल आणि वनपर्तीचे संस्थानिक हिंदू होते. तेलंगणात कुळांची सालटी काढणारे विसनूरचे देशमुखही हिंदूच होते. उलट गरीब मुसलमान विणकर, टांगेवाला, शेतमजूर हा त्याच दारिद्र्यात पिचलेला होता. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होत असतानाच सरकारने तिच्यावर बंदी घातली. बंदीचे कारण ती जातीय संघटना आहे असे दिले गेले. तिचे नावही न घेता वेगळ्या नावाने काम करावे, अशी सूचना झाली. ती मान्य झाली नाही. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. या गर्दीत जबाबदार राज्यपद्धतीची मागणी धार्मिक मागणीत विरघळून जाण्याचा धोका होता. म्हणून डिसेंबरमध्ये स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. अनेक कार्यकर्त्यांना हा निर्णय माघारीसारखा वाटला. पण लढ्याचे स्वरूप त्यामुळे शाबूत राहिले.

गोमंतकीय वाचकाला या इतिहासात ओळखीच्या खुणा दिसतील. ज्या राज्यात राजकीय संघटनेला जन्मतःच बंदी आणि सभेला पोलिसाची परवानगी लागते, तेथील कार्यकर्त्याला सीमेपलीकडे जाऊन काम करावे लागते. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्या पिढीने हे अनुभवले, तसेच हैदराबादच्या पिढीनेही. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात नागरी स्वातंत्र्याचा पुकारा केला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, जुलै १९४६ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसवरील आठ वर्षांची बंदी उठली.

मधल्या काळात स्वामीजी पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. १९४० मध्ये गांधीजींच्या संमतीने त्यांनी निवडक सहकाऱ्यांसह वैयक्तिक सत्याग्रह केला. १९४२ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाहून परतताच त्यांना अटक झाली आणि १९४३ च्या अखेरपर्यंत ते स्थानबद्ध राहिले. बंदी उठल्यावर संघटनेच्या अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली. एका बाजूला बुर्गुल रामकृष्णराव यांचा मवाळ गट होता. निजामाशी वाटाघाटी करून टप्प्याटप्प्याने सुधारणा मिळवाव्यात, असे त्याचे मत. दुसऱ्या बाजूला स्वामीजी, त्यांच्यासोबत गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे डाव्या विचारांचे तरुण. स्वामीजी अगदी थोड्या मतांनी निवडून आले. निकालातील फरक लहान होता, परिणाम मोठा. संघटना आता शहरातील वकिलांच्या बैठकांतून निघून शेताच्या बांधावर पोहोचली.

त्याच जुलै महिन्याच्या ४ तारखेला नलगोंडा जिल्ह्यातील कडवेंडी गावात विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी दोड्डी कोमरय्या या तरुणाला गोळी घातली आणि तेलंगणाचा शेतकरी उठाव पेटला. कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेकडो गावांत जमिनीचे वाटप झाले, वेठ बंद पडली. स्वामीजी सशस्त्र मार्गाचे पुरस्कर्ते नव्हते. पण या उठावाच्या मुळाशी मॉस्कोचा आदेश नसून कुळाची भूक आहे, हे त्यांना कळत होते. त्यामुळे १९४७ च्या लढ्यात स्टेट काँग्रेसने जो कार्यक्रम दिला तो निव्वळ झेंडावंदनाचा नव्हता. शेतकऱ्यांनी लेव्ही नाकारली, करोडगिरीचे नाके मोडले, सरकारच्या अबकारी उत्पन्नाचा आधार असलेली शिंदीची झाडे तोडली, जंगल सत्याग्रह केले. अनेक पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले. राज्याच्या तिजोरीची मुळे जेथे होती तेथेच हे घाव बसत होते.

जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. १५ ऑगस्टच्या पहाटे हैदराबादच्या सुलतान बाजारात तिरंगा फडकवून स्वामीजी पुन्हा बंदिवान झाले. नोव्हेंबरच्या अखेरीस भारताशी जैसे थे करार झाल्यावर त्यांची सुटका झाली, पण जानेवारी १९४८ च्या शेवटी त्यांना परत पकडण्यात आले. पुढचे आठ महिने लढा त्यांच्याविना चालला. सोलापूर, गदग, बार्शी, उमरखेड अशा सीमेलगतच्या ठिकाणी छावण्या उभ्या राहिल्या. आतल्या बाजूला कासीम रझवीच्या रझाकारांनी थैमान मांडले होते. बिदर जिल्ह्यातील गोरटा गावात मे १९४८ मध्ये झालेल्या हत्याकांडात सुमारे दोनशे माणसे मारली गेली. २२ ऑगस्टला ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. ते मुसलमान होते आणि भारतात विलीन व्हावे असे लिहीत होते. रझाकारी ही मुसलमानांची चळवळ होती असे म्हणणाऱ्यांना या एका मृत्यूने उत्तर मिळते.

या काळात हैदराबादचा प्रश्न जगाच्या दरबारी गेला. समुद्र नसलेल्या या संस्थानाच्या दरबाराने पोर्तुगालशी बोलणी करून मुरगाव बंदराचा आधार मिळतो का, याची चाचपणी केली होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या विमानांनी शस्त्रे आणत होता आणि त्याची काही विमाने बिदरच्या धावपट्टीवर उतरत होती. ऑगस्टमध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. परिषदेने ती १६ सप्टेंबरला विचारात घेतली तेव्हा भारतीय सैन्य संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. तेरा वर्षांनी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोव्याचा प्रश्न याच परिषदेपुढे आला आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे भारताविरुद्धचा ठराव फेटाळला गेला. दोन्ही वेळी चर्चा दोन सरकारांच्या सार्वभौमत्वाची झाली. लेव्ही भरणाऱ्या कुळाला किंवा तुरुंगात पडलेल्या सत्याग्रहीला त्या सभागृहात खुर्ची नव्हती.

सैन्याच्या विजयानंतर स्वामीजी सुटले. त्यांच्या स्वागताला लोटलेली गर्दी इतिहासात नोंदली गेली, परंतु त्या आठवड्यांत जे आणखी घडले त्याची नोंद दीर्घकाळ कपाटात राहिली. रझाकारांच्या पापांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये गावोगाव फिरून अहवाल दिला. संपूर्ण राज्यात किमान २७ ते ४० हजार लोक प्राणास मुकले, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा हे चार होते. हा अहवाल तेव्हा प्रसिद्ध झाला नाही. ज्या पट्ट्यात स्वामीजींनी शाळा चालवल्या आणि लढा धर्मापासून दूर ठेवण्यासाठी सत्याग्रह स्थगित करण्याची झीज सोसली, त्याच पट्ट्यात हे घडावे, ही त्या लढ्याची सर्वांत मोठी जखम होय. मुक्तीची कथा सांगताना गोरटा सांगायचे आणि हे वगळायचे, किंवा हे सांगायचे आणि गोरटा वगळायचे, असे दोन्ही प्रकार आजही चालतात. दोन्ही ठिकाणी मेलेले बहुतेक लोक गरीब खेडूत होते.

विलीनीकरणानंतर सत्तेची मांडणीही अनेकांना बुचकळ्यात टाकणारी ठरली. २६ जानेवारी १९५० रोजी निजाम उस्मान अली खान हेच हैदराबादचे राजप्रमुख झाले. ज्यांच्याविरुद्ध लढा झाला त्यांना मानाचे पद आणि तनखा मिळाला. ज्यांनी जमिनी वाटून घेतल्या होत्या त्या तेलंगणाच्या शेतकऱ्यांवर मात्र सैन्याची कारवाई १९५१ पर्यंत चालू राहिली. अर्थात काही मूलभूत बदलही झाले. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारजमा झाली आणि जहागिरी रद्द करण्यात आल्या. १९५० चा हैदराबादचा कूळकायदा त्या काळातील देशातील पुरोगामी कायद्यांत गणला गेला. कुळांना संरक्षण मिळाले, विशिष्ट अटींवर जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. पण कायद्याच्या आधीच अनेक मालकांनी कुळांना बेदखल केले, नातेवाइकांच्या नावे जमिनी वाटल्या. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातला ताबा यांतील अंतर स्वामीजींना अस्वस्थ करत राहिले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे त्यांचे निकटचे सहकारी काँग्रेसबाहेर पडले. स्वामीजी आत राहिले. त्यांच्या या निर्णयावर डाव्यांनी टीका केली आणि उजव्यांनी त्यांच्यावर कधी पुरता विश्वास ठेवला नाही.

१९५२ च्या निवडणुकीने या पेचावर शिक्कामोर्तब केले. राज्याचे मुख्यमंत्री झाले ते मवाळ गटाचे बुर्गुल रामकृष्णराव. लढ्याचे सेनानी गुलबर्ग्यातून दिल्लीला गेले. त्यांनी मंत्रिपद कधीच घेतले नाही. गुलबर्गा शहरात तेव्हा महबूब शाही गिरणीचा भोंगा वाजत असे, परिसरात तूर आणि ज्वारीची शेती होती आणि मतदारांत कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू बोलणारे सगळेच होते. अशा मतदारसंघाच्या खासदाराने बहुभाषिक राज्य टिकवावे अशी बाजू घेणे स्वाभाविक ठरले असते. पंतप्रधान नेहरूंनाही हैदराबादची संमिश्र संस्कृती मोडू नये असे वाटत होते. स्वामीजींनी मात्र राज्याच्या त्रिभाजनाचा आग्रह धरला. सरंजामी सत्तेने एकत्र बांधलेले तीन भाषांचे लोक आपापल्या भाषिक राज्यात गेले, तरच शेतकऱ्याच्या मुलाला कचेरीतला कागद वाचता येईल, असा त्यामागचा विचार होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये तेलंगणाचे जिल्हे आणि बिदर मिळून वेगळे हैदराबाद राज्य ठेवण्याची शिफारस केली, पण ती टिकली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून गेले. मराठवाडा द्विभाषिक मुंबईत गेला, तेलंगण आंध्रात, गुलबर्गा आणि रायचूर म्हैसूर राज्यात. बिदर जिल्ह्याचे तर तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे राहिले. तत्त्व न्याय्य होते, रेषा मात्र माणसांच्या घरांमधून गेली. भालकी-औरादच्या मराठी कुटुंबांची सोयरीक उदगीर-निलंग्यात आणि कचेरी बंगळूरच्या दिशेला, अशी अवस्था झाली. स्वामीजींचा मतदारसंघही त्यांच्याकडून गेला. पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये, ते औरंगाबादहून लोकसभेवर निवडून आले.

त्यानंतर ते हळूहळू सत्तेच्या राजकारणातून बाहेर पडले. नांदेड आणि अन्यत्र शिक्षणसंस्थांच्या उभारणीत त्यांचे लक्ष राहिले. १९६७ मध्ये हैदराबादच्या लढ्याच्या त्यांच्या आठवणी इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. ज्या शहराचे राज्य त्यांनी विसर्जित करण्यासाठी झटून काम केले, त्याच शहरात, बेगमपेठेत त्यांची समाधी आहे.

१७ सप्टेंबरला आज तीन राज्यांत तीन नावे आहेत. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. तेलंगणात त्याला मुक्ती म्हणावे की एकात्मता, यावर दरवर्षी वाद होतो. कर्नाटकाने २०१९ मध्ये त्या भागाचेच नाव बदलून कल्याण कर्नाटक केले. नावांच्या या वादात मूळ हिशेब मागे पडतो. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये कर्नाटकातील अतिमागास ठरवलेल्या ३९ तालुक्यांपैकी २१ तालुके एकट्या गुलबर्गा विभागातले होते. मागासलेपण दूर व्हावे म्हणून २०१२ मध्ये संसदेने ३७१-जे हे कलम मंजूर केले आणि शिक्षण व नोकऱ्यांत या भागाला खास तरतूद मिळाली. निजामाची राजवट संपून तेव्हा चौसष्ट वर्षे झाली होती. गुलबर्ग्याच्या पहिल्या खासदाराने जमीन, भाषा आणि पोट यांचा जो प्रश्न दिल्लीला नेला होता, तो त्या कलमाच्या रूपाने तोवर संसदेच्या कामकाजात जिवंतच होता.